सोडताना शिल्लक किती होती?

भाषण रंगलं होतं. चांगल्या पगाराची नोकरी सोडून मातीच्या भांड्यांकडे वळलेला एक कलावंत बोलत होता. प्रश्नोत्तरं सुरू झाली, तशी मागच्या रांगेतली एक मुलगी उठली आणि तिने विचारलं, "सर, तुम्ही राजीनामा दिलात तेव्हा खात्यात शिल्लक किती होती?" सभागृहात हशा पिकला. वक्तेही हसले. पैशाचा विचार करत बसलो असतो तर आज इथे नसतो, असं काहीतरी म्हणाले. टाळ्या पडल्या आणि मुलगी खाली बसली. तिने वही उघडी ठेवली होती, त्यात तिला एक आकडा लिहून घ्यायचा होता. तो मिळाला नाही.

तो हशा अजून डोक्यातून जात नाही. आवड की स्थैर्य, या विषयावर आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक धाडसाबद्दल. सोडणारा धाडसी आणि राहणारा भित्रा, किंवा मग सोडणारा बेजबाबदार आणि राहणारा शहाणा. दोन्हीकडची माणसं स्वभावाबद्दल बोलतात आणि हिशेब तसाच राहतो. खरं तर हा हिशेब करता येतो. त्याला फार मोठं गणित लागत नाही, एक दुपार आणि बँकेचे मागच्या बारा महिन्यांचे उतारे पुरतात. तो करून झाल्यावरही निर्णय अवघड राहतो, हे मान्यच आहे. पण मग निदान कशाची भीती वाटते आहे, ते तरी नेमकं कळतं.

सुरुवात खर्चापासून करावी, कमाईपासून नाही. महिन्याचा खर्च किती, असं विचारलं की बहुतेक जण सांगतात तो आकडा खऱ्या खर्चापेक्षा कमी असतो, कारण तो दर महिन्याला होणाऱ्या खर्चाचा असतो. वर्षातून एकदाच येणारे खर्च त्यात नसतात. विम्याचे हप्ते, शाळेची फी, घराची डागडुजी, दाताचं काम, जवळच्यांची लग्नं, बंद पडलेला लॅपटॉप. हे सगळे बारा महिन्यांच्या उताऱ्यांतून वेचून काढायचे, बेरीज करून बाराने भागायचं आणि मासिक खर्चात मिळवायचं. मग नोकरी आपल्यासाठी गुपचूप काय भरत होती, ते पाहायचं. आरोग्य विमा, निवृत्तिनिधीतला मालकाचा हिस्सा, पगारी रजा, फोनचं बिल, ऑफिसातली वीज आणि इंटरनेट, कुठे कुठे तर दुपारचं जेवणही. राजीनाम्यानंतर यातलं बरंचसं आपल्या खिशावर येतं. इतकं सगळं मिळवलं की येतो तो आपला खरा मासिक खर्च. पुढच्या सगळ्या हिशेबात त्याला १०० म्हणू, म्हणजे कुणालाही स्वतःचा आकडा त्या जागी घालता येईल.

आता गंगाजळी. समजा ६०० जमले आहेत. सहा महिने पुरतील, असं लगेच वाटतं आणि बहुतेक जण सगळी ताकद लावतात ती ६००चे १२०० करण्यात. त्यात चार वर्षं जातात, मग आणखी दोन. पण भागाकारात खालीही एक आकडा असतो. पैसे किती महिने पुरणार, हे काढायचं तर शिल्लकेला महिन्याच्या तुटीने भागावं लागतं, आणि तूट म्हणजे खर्च वजा आवडीतून येणारी मिळकत. आवडीच्या कामातून आधीच महिन्याला २० येत असतील तर तूट ८०ची. ६०० पुरतात साडेसात महिने. खर्च १०० वरून ८५ वर आणला तर तूट ६५, म्हणजे नऊ महिन्यांहून थोडे अधिक. आणि नोकरीत असतानाच ती मिळकत २० वरून ३५ वर नेली तर तूट ५० आणि तेच ६०० पुरे वर्षभर पुरतात. एक पैसाही जास्त न साठवता मुदत दुप्पट होते. शिल्लक किती होती, या प्रश्नाला तूट किती होती हा दुसरा प्रश्न जोडला, की उत्तराला अर्थ येतो.

यातला खर्चाचा भाग कमी करणं सगळ्यात जड जातं, कारण पगाराबरोबर वाढलेला खर्च बहुतेक वेळा हप्त्यांच्या रूपात असतो. बाहेर खाणं पुढच्या महिन्यापासून थांबवता येतं, घराचा हप्ता थांबत नाही. तरुणपणीच काय ते करून घ्यावं असं म्हणतात, त्यामागे वयापेक्षा हेच कारण जास्त आहे. तिशीत हप्ते असलेल्या माणसापेक्षा पन्नाशीत कर्ज फिटलेला माणूस मोकळा असतो. ज्याला पुढे कधीतरी आवडीच्या कामाकडे वळायचं आहे, त्याच्या बाबतीत तो निर्णय राजीनाम्याच्या दिवशी होत नाही, कित्येक वर्षं आधी मोठं घर किंवा मोठी गाडी घेताना होऊन गेलेला असतो. त्या वेळी मात्र तो करिअरचा निर्णय आहे असं कुणालाच वाटत नाही.

मिळकतीची बाजू पाहू. नोकरी सोडून स्वतंत्र काम करणारा आपला दर ठरवताना जुना पगार वर्षातल्या कामाच्या दिवसांनी भागतो आणि तिथेच फसतो. वर्षाचे ३६५ दिवस. त्यातले शनिवार-रविवार १०४, उरले २६१. सण, आजारपण, गावाला जाणं, मुलांच्या परीक्षा धरून २६ वजा केले की २३५. आणि या २३५ पैकी प्रत्येक दिवसाचे पैसे कुणी देत नाही. दरपत्रक पाठवणं, बोलणी, न मिळणाऱ्या कामासाठी केलेली नमुन्याची तयारी, बिलं, थकलेल्या बिलांची आठवण, कर, दुरुस्त्या, नवं शिकणं, यात ४० टक्के वेळ सहज जातो. पैसे देणारे दिवस उरतात १४१. वर्षाचा खर्च १२००, त्यात कामाची जागा आणि साधनांचे २४० धरले तर १४४०. भागून पाहिलं तर दिवसाला साधारण १०. म्हणजे ज्या दिवशी पैशाचं काम होतं, त्या दिवशी मासिक खर्चाच्या एक दशांश मिळायला हवा, आणि तोही कर देण्याआधीचा हिशेब आहे. आपल्या आवडीचं काम इतका दर देतं का, हे एका फोनवर विचारून कळू शकतं. लोक तो फोन करत नाहीत, कारण उत्तराची धास्ती असते. ती धास्ती मला पूर्ण समजते.

मातीचंच उदाहरण घेतो, कारण त्यात वेळ कुठे जातो ते स्पष्ट दिसतं. चाकावर सराईत हात एक कप सहा मिनिटांत काढतो. पाहणाऱ्याला वाटतं, तासाला दहा कप. आता चाळीस कपांची एक खेप धरा. माती मळून तिच्यातली हवा काढायला आणि गोळे तोलायला एक तास. चाकावर चार तास. दुसऱ्या दिवशी कप चामड्यासारखे घट्ट झाले की उलटे करून बुड तासायचं, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं. कान ओढून चिकटवायला आणखी चार तास. मग प्लॅस्टिकखाली सावकाश वाळवणं, कारण कान पातळ असतो, तो आधी वाळून आक्रसला तर सांध्यावर चीर जाते. पहिली भाजणी सुमारे १००० अंशांची. भट्टी निवायला भाजण्याइतकाच किंवा जास्तच वेळ लागतो, घाई करून उघडली तर थंड हवेने भांडी तडकतात. त्यानंतर बुडाला मेण लावून ग्लेझमध्ये, म्हणजे भाजल्यावर काचेसारखा थर देणाऱ्या द्रावणात, बुडवणं आणि पुसणं, पावणेतीन तास. दुसरी भाजणी १२०० अंशांच्या पुढची. दोन्ही वेळा भट्टी भरणं-काढणं मिळून तीन तास, बुडं घासून निवड करायला एक तास, फोटो आणि पॅकिंगला सव्वातीन.

एकूण साधारण साडेबावीस तास होतात. आणि चाळीसचे चाळीस विकण्याजोगे निघत नाहीत. बुडाशी माती नीट दाबली गेली नसेल तर तिथे इंग्रजी एस अक्षरासारखी चीर उमटते. ग्लेझ जाड बसलं तर ओघळून फळीला चिकटतं. बोटांचं तेल किंवा धूळ राहिली असेल तिथे ग्लेझ मागे सरकतं आणि उघडी माती दिसते. तेहेतीस कप हाती लागले तर खेप बरी म्हणायची. आता भागा. एका कपाला चाळीस मिनिटं. सहा मिनिटांचा कप चाळीस मिनिटांचा झाला. दिवसाचे सात तास हाताचं काम होतं असं मानलं तर वरच्या दराने एका कपाच्या मजुरीचेच मासिक खर्चाच्या शंभराव्या हिश्श्याइतके पैसे यायला हवेत, माती-ग्लेझ-वीज वेगळी. दुकानातून विकायचं तर दुकानदार बहुतेक ४० ते ५० टक्के ठेवतो, म्हणजे पाटीवरची किंमत त्याच्या दुप्पट. आणि असे कप महिन्याला १२० विकले गेले पाहिजेत. दर महिन्याला, पावसाळ्यातही, जेव्हा माती वाळायला दुप्पट दिवस घेते.

हे वाचून कुणी माती सोडावी असं मला मुळीच वाटत नाही. उलट या आकड्यांतूनच वाट सापडते. कानाचा कप सोडून बिनकानाचा पेला केला तर चार तास वाचतात आणि चिरांचं मोठं कारण जातं. शनिवारचा वर्ग घेतला तर दोन-अडीच तासांत आठ जणांची फी मिळते, आणि ती भट्टी उघडण्याआधी मिळते. अनेक कुंभकारांचं घर वर्गांवर चालतं आणि भांडी ती करायची म्हणून होत राहतात. संगीतात, चित्रकलेत, नृत्यातही हेच. फोटोग्राफीत लग्नसमारंभ पैसे देतात, आणि तिथेही चित्रीकरणाच्या एका दिवसामागे निवड आणि संपादनाचे दोन-तीन दिवस असतात, जे नवखा माणूस दरात धरत नाही. फक्त शिकवण्याची एक गोष्ट आधीच पाहून ठेवावी. शिकणारे येतात संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी, आणि शिकवणाऱ्याचा स्वतःचा रियाझही बहुतेकदा त्याच वेळी असतो. दोन वर्षांत विद्यार्थी वाढतात आणि गळा मागे पडतो.

मागणी आली की कामही बदलतं. निळा कप खपला की पुढची मागणी निळ्याच कपाची येते, पुन्हा चाळीस, मग साठ, सगळे सारखे. ज्या हाताला प्रत्येक गोळ्यातून काहीतरी वेगळं निघेल याची ओढ होती, तो हात आता फरक पडू नये म्हणून धडपडतो. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली बालवाडीतल्या मुलांवर केलेला प्रयोग इथे आठवतो. चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता दिलं, काहींना दिलंच नाही. पुढच्या दिवसांत मोकळ्या वेळेत कोण किती चित्रं काढतं ते पाहिलं, तर आधी कबूल केलेलं बक्षीस मिळालेली मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ रंगांपाशी होती. अचानक बक्षीस मिळालेल्या मुलांची ओढ मात्र कमी झाली नव्हती. म्हणजे दोष पैशाचा नसून सौद्याचा आहे. म्हणून आवडीवर पोट भरणाऱ्याने कामाचा एक तुकडा सौद्याबाहेर ठेवावा असं मला मनापासून वाटतं. दर खेपेत पाच भांडी न विकण्याची. भाषांतरकाराने स्वतःसाठी एक कविता. ही चैन वाटते, पण मूळ ओढ तिथेच तगते.

सगळ्याच आवडींचा बाजार सारखा नसतो. सुतार, शिक्षक, दुरुस्ती करणारा, यांच्यात चांगला आणि उत्तम यांच्या मिळकतीत फरक असतो, पण चांगल्याचंही घर चालतं. अभिनय, खेळ, गाणं, कादंबरी इथे मात्र वरच्या मूठभरांकडे बहुतेक पैसा जातो, कारण एकाच माणसाचं काम छापून, ध्वनिमुद्रित करून कोट्यवधींपर्यंत पोहोचतं आणि दुसऱ्या क्रमांकाचं कुणाला लागतच नाही. अर्थतज्ज्ञ शेर्विन रोझेन यांनी १९८१ साली याची मांडणी केली. त्याआधी, १७७६ सालीच ॲडम स्मिथने लिहून ठेवलं होतं की मुलाला चांभाराकडे शिकायला ठेवलं तर तो जोडे करायला शिकेल यात शंका नाही, पण वकिलीत वीस जण अपयशी ठरतात तेव्हा एक जण यशस्वी होतो. आणि तरुण माणसं आपल्या नशिबाबद्दल फाजील विश्वास बाळगतात, व्यवसाय निवडण्याच्या वयात तर सगळ्यात जास्त, असंही त्याने नोंदवलं. आपली आवड पहिल्या प्रकारात मोडते की दुसऱ्या, हे ठाऊक असणं पुरेसं आहे. दुसऱ्या प्रकारात मोडत असेल तर नोकरीला शत्रू मानणं परवडत नाही.

नोकरी सांभाळून मोठं काम केलेल्यांची यादी लांब आहे. आपल्याकडे जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजी शिकवत होते, अरुण कोलटकर जाहिरात क्षेत्रात चित्रकार होते. पण मला या यादीपेक्षा त्यांच्या नोकऱ्यांची घडण जास्त बोलकी वाटते. काफ्का १९०८ ते १९२२ प्राग इथल्या कामगार अपघात विमा संस्थेत होता. ती जागा त्याला हवी होती, कारण काम दुपारी दोनला सुटायचं. आधीच्या नोकरीत संध्याकाळपर्यंत अडकावं लागे. दोनला सुटून, झोप काढून तो रात्री लिहायला बसे, आणि तरीही ऑफिसला आयुष्यभर कंटाळलेला राहिला. आइनस्टाइन १९०२ ते १९०९ बर्नच्या पेटंट कार्यालयात होता, १९०५ मधले त्याचे शोधनिबंध तिथे असतानाचे. कवी टी. एस. एलियट १९१७ पासून लंडनच्या एका बँकेत होता. त्याला तिथून सोडवावं म्हणून १९२२ मध्ये मित्रांनी वर्गणी जमवायला घेतली, पण ती रक्कम आयुष्यभर मिळेलच याची खात्री नव्हती, आणि एलियट बँकेतच राहिला. १९२५ मध्ये बाहेर पडला तो थेट एका प्रकाशनसंस्थेतल्या नोकरीत.

आणि नोकरी सोडायची कधी, हा अवघड प्रश्न ज्याने अगदी कागदावर सोडवला, तो इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप. ब्रिटिश टपाल खात्यात तो १८३४ मध्ये लागला. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचं, समोर घड्याळ ठेवायचं, दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, तीन तासांनी उठून ऑफिसची तयारी. साठीपर्यंत थांबला असता तर त्याला निवृत्तिवेतन मिळालं असतं. त्याने आधीच ठरवून ठेवलं होतं की त्या निवृत्तिवेतनाइतकं उत्पन्न देणारी शिल्लक जमली की निघायचं. ती जमली आणि १८६७ मध्ये, बावन्नाव्या वर्षी, त्याने राजीनामा दिला. त्या मुलीला वहीत लिहून घेता येईल असं उत्तर इतक्या वर्षांपूर्वी कुणीतरी देऊन ठेवलं होतं.

पण नोकरी सांभाळण्याचीही किंमत असते, ती लपवू नये. चार्ल्स आइव्हज हा अमेरिकन संगीतकार विम्याच्या धंद्यात यशस्वी झाला, पैशाची ददात नव्हती, कुणाला रुचेल असं लिहिण्याची सक्ती नव्हती. पण वाद्यवृंदांच्या जगाशी रोजचा संबंधही नव्हता. त्याची तिसरी सिंफनी पहिल्यांदा वाजली १९४६ मध्ये, लिहून तीसपेक्षा जास्त वर्षं झाल्यावर. पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं, तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. स्वातंत्र्य पूर्ण होतं, पण ऐकणारे नव्हते आणि चुका दाखवणारे वादकही नव्हते. ज्या आवडीला सोबत लागते, नाटक, वाद्यवृंद, प्रयोगशाळा, तिथे सकाळची तीन तासांची खोली पुरत नाही. त्यासाठी दर आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ नोकरीकडून मिळवावी लागते, आणि ती न देणारी नोकरी पगार कितीही असला तरी अशा माणसाला महाग पडते.

म्हणून आधाराची नोकरी निवडताना पगाराइतकंच ती आपल्यासाठी काय उरवते, तेही पाहावं. सुटल्यावर डोकं कितपत रिकामं असतं? रात्री फोन येतात का? दिवसभर लिहिण्याचीच नोकरी असेल तर संध्याकाळी कादंबरी लिहिणं कठीण जातं, तेच वाक्य घडवणारं डोकं दमलेलं असतं. चित्रकाराला लिखापढीची नोकरी सोसते, दिवसभर पडद्यावर रंग हलवण्याची सोसत नाही. प्रवासाचे दोन तास वाचवणारी, थोड्या कमी पगाराची नोकरी या हिशेबात पुष्कळदा सरस ठरते. मुलाखतीत याबद्दल विचारायला लोक संकोचतात. तिथे काम करणाऱ्यांपैकी एखाद्याला बाहेर गाठून विचारावं, मागच्या महिन्यात किती दिवस वेळेवर घरी गेलात म्हणून.

नोकरी करता करता आवडीचा व्यवसाय उभा करणारे आणि एकदम उडी घेणारे यांची तुलना जोसेफ रॅफी आणि जिए फेंग यांनी अमेरिकेतल्या आकडेवारीवरून केली होती. २०१४ मध्ये ती प्रसिद्ध झाली. आधी नोकरीसोबत सुरू करून मग पूर्णवेळ झालेल्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता उडी घेणाऱ्यांपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी निघाली. कारण कळण्यासारखं आहे. नोकरीत असताना चुका स्वस्त असतात. दर कमी लावला, ग्राहकाने पैसे बुडवले, खेप फुटली, तरी घरभाडं जातं.

ही तालीम कशी करावी, याबद्दल माझं मत पक्कं आहे. आवडीच्या कामातून पहिल्या वर्षी जितके मिळतील असा अंदाज आहे, तितक्यावरच सहा महिने घर चालवून पाहावं आणि पगारातला उरलेला सगळा भाग दुसऱ्या खात्यात टाकावा. जमलं तर गंगाजळीही वाढते आणि घरातल्या सगळ्यांना कळतं की हे जगणं कसं असेल. जमलं नाही तर तेही नोकरी असतानाच कळतं. त्याच काळात काम अनोळखी माणसांना विकून पाहावं, कारण मित्र आणि नातलग कौतुकापोटी घेतात आणि दुसऱ्यांदा येत नाहीत. तेच अनोळखी ग्राहक पुन्हा आले, तर तो खरा कौल. कामाआधी निम्मी रक्कम मागायची सवय याच काळात लावून घ्यावी, कारण बिल दिल्यावर पैसे यायला ३० दिवस म्हटलं की ६० होतात आणि मोठ्या संस्थांत ९०. काम भरपूर आहे आणि खात्यात काही नाही, अशी स्थिती बुडालेल्यांइतकीच चाललेल्यांचीही असते. आणि एकाच ग्राहकाकडून निम्म्याहून जास्त मिळकत येत असेल तर ती नोकरीच आहे, फक्त रजा आणि विमा नसलेली.

राजीनाम्याआधी करून ठेवायच्या काही गोष्टी नुसत्या क्रमाच्या असतात. स्वतःचा आरोग्य विमा आधी घ्यावा, कारण जुन्या आजारांना प्रतीक्षाकाळ असतो आणि तो नोकरीच्या विम्याखाली असतानाच संपत आलेला बरा. क्रेडिट कार्डाची थकबाकी आधी मिटवावी, त्या व्याजापुढे कुठलीही आवड टिकत नाही. कर्ज काढायचंच असेल तर पगारपत्रक हातात असताना. नंतर अनियमित मिळकत सुरू झाली की सगळे पैसे एका खात्यात जमा करावेत, त्यातून कराचा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढावा आणि घरखर्चाच्या खात्यात दर एक तारखेला ठरलेली रक्कम पाठवावी. ती रक्कम मागच्या वर्षातल्या सगळ्यात वाईट तीन महिन्यांच्या सरासरीइतकी. चांगल्या महिन्यात हात सैल सोडण्याचा मोह होतो, आणि त्या आनंदाची किंमत तीन महिन्यांनी मोजावी लागते.

एक गोष्ट बोलायला जड जाते. आवडीमागे गेलेल्यांच्या कहाण्यांत पुष्कळदा कुणाचा तरी आधार असतो. आईवडिलांचं घर, जोडीदाराचा पगार, विकलेली जमीन. तो घेण्यात काहीच गैर नाही, पण भाषणात तो वगळला की मागच्या रांगेतल्या, आधार नसलेल्या मुलीला वाटतं की कमतरता तिच्या हिमतीत आहे. जोडीदाराच्या पगारावर हा काळ काढायचा असेल तर किती महिने आणि त्यानंतर काय, हे दोघांनी बसून लिहून ठेवावं. अबोल राहिलेला उपकार घरात फार वाईट साठतो. आणि ज्याच्यावर आजारी माणूस किंवा धाकटी भावंडं अवलंबून आहेत, त्याने आधी पगार पाहिला तर त्यात आवडीशी कसलीच प्रतारणा नाही. पैशाची चणचण विचारशक्तीही खाते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादकांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात तीच माणसं ऊस निघण्याआधीच्या ओढगस्तीत विचारशक्तीच्या चाचण्यांत मागे पडली आणि पैसे आल्यावर सुधारली. उपाशीपोटी कला बहरते म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

थांबायची रेघही आधीच आखावी. शिल्लक अमुक रकमेवर आली, किंवा अमुक तारखेपर्यंत तूट अमुक इतकी घटली नाही, की नोकरी शोधायला लागायचं. ती रक्कम शून्य नसावी. नोकरी शोधून पहिला पगार हाती यायला चार-सहा महिने लागू शकतात, तितक्या महिन्यांचा खर्च रेघेखाली शिल्लक हवा. शिवाय जुन्या व्यवसायाचे परवाने, नोंदणी, ओळखी जिवंत ठेवाव्यात. परत गेलेल्या माणसांकडे आपण हरल्यासारखं पाहतो, म्हणून ती सहा महिने उशिरा परततात, कर्ज करून. खरं तर परत गेलेल्यांपैकी पुष्कळांकडे आता सामान असतं, ग्राहक असतात, दर ठाऊक असतो. दुसऱ्यांदा सोडताना त्यांची तूट कमी असते.

आणि सोडणं व न सोडणं यांच्या मधली जागा फार कमी लोक मागून पाहतात. आठवड्याचे चार दिवस, पगार ८० टक्के. हे सगळीकडे मिळत नाही, पण जिथे कामाला जुन्या माणसाची गरज आहे तिथे मिळतं. मागताना आवडीबद्दल फार बोलू नये. कोणती कामं चार दिवसांत पूर्ण होतील, कोणती कुणाकडे जातील, पाचव्या दिवशी तातडी निघाली तर कोण पाहील, हे एका पानावर लिहून न्यावं आणि तीन महिने करून पाहू म्हणावं. लेखी घ्यावं, नाहीतर पाच दिवसांचं काम चार दिवसांत आणि पगार मात्र कापलेला, असं होतं. सुटीचा वार शुक्रवार घेऊ नये. तो शनिवारला जोडला जातो, घरातली राहिलेली कामं त्यात शिरतात, आणि चार दिवस राबलेलं डोकंही तोवर थकलेलं असतं. सोमवार घ्यावा. शनिवार-रविवारी विश्रांती झालेली असते, ऑफिसची गाठोडी अजून उघडलेली नसतात, आणि भट्टी रविवारी रात्री लावली तर मंगळवारी सकाळी कामावर जाण्याआधी उघडता येते.